गोठ्यात कोण राहतं?

वादळात पडलेल्या गोठ्यांसाठी सरकारने तातडीची मदत जाहीर केली आणि पाहणीचं काम जनावरांच्या डॉक्टरांच्या गळ्यात पडलं. डॉक्टर सरळ नाकासमोर चालणारे. जे दिसेल तेच लिहायचं, हा त्यांचा बाणा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शेवटचा अर्ज घेऊन ते दूधवाल्या वहिनींच्या दारात पोहोचले.

गोठा पडला होता यात वादच नव्हता. पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडले होते, एक भिंत तेवढी उभी होती. वहिनींचं घर चालायचं ते तीन म्हशींच्या दुधावर. थंडीआधी गोठा उभा राहिला नाही, तर म्हशी विकाव्या लागणार होत्या. डॉक्टरांनी पेन काढलं.

"जनावरं उघड्यावर आहेत. बरोबर ना, वहिनी?"

"उघड्यावर?" वहिनी दुखावल्या. "माझ्या म्हशी? डॉक्टर, तुम्ही मला समजलात काय?"

इथेच घोडं अडलं. जनावरांना निवारा असेल तर मदत नाही, असं अर्जात स्पष्ट छापलेलं होतं.

"नीट आठवून सांगा," डॉक्टर खाकरत म्हणाले.

"आठवायचं काय त्यात? आत या, दाखवते."

बाहेरच्या खोलीत टेबल-कपाट भिंतीला सारून तिन्ही म्हशी पंख्याखाली रवंथ करत बसल्या होत्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मग तुम्ही कुठे झोपता?"

"गोठ्यात. माणसाचं काय हो, कुठंही आडवं होता येतं. म्हशीला ऊन-पाऊस लागला की ती पान्हा चोरते. त्यात थोरली गाभण आहे."

खरंच, त्या एकुलत्या भिंतीला ताडपत्री बांधलेली होती आणि तिच्याखाली खाटेवर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

वहिनींच्या नवऱ्याला मात्र अर्जातली मेख कळली. "डॉक्टर, पाच मिनिटं द्या. म्हशींना बाहेर काढतो, तुम्ही फोटो घ्या," म्हणत त्याने थोरलीचं दावं ओढलं. थोरलीने एकदा पंख्याकडे पाहिलं आणि आणखी ऐसपैस बसली. तो पुढून ओढू लागला. जरा वेळाने, जे दिसेल तेच लिहिणारे डॉक्टर, लिहायचं ते दिसावं म्हणून म्हशीला मागून ढकलत होते.

"अहो डॉक्टर," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "गाभण आहे ना ती? तुम्हीच तपासलीत."

डॉक्टर ओशाळून बाजूला झाले. घाम पुसून त्यांनी म्हशींचा फोटो काढला, सासूबाईंचा काढला आणि दोन्ही मोठ्या साहेबांना पाठवले. लगेच फोन आला.

"यातला गोठा कुठला?"

"म्हातारी बसलीय तो, साहेब."

साहेबांनी दुसरा प्रश्न केला.

"आणि शेऱ्याचा रकाना आपण कशासाठी ठेवलाय?"

अकरा वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांनी तो रकाना कोराच सोडला होता. त्या दिवशी त्यांनी तो काठोकाठ भरला: 'गोठा पूर्ण पडला आहे. मालकांनी स्वतःचं घर जनावरांना दिलं असून ते स्वतः उघड्यावर आहेत. जनावरांची तब्येत उत्तम. अशी माणसं मी पाहिलेली नाहीत.' शेवटचं वाक्य सरकारी नव्हतं. त्यांनी ते खोडलं नाही.

मदत वेळेत मिळाली. दोन महिन्यांनी डॉक्टर काम पुरं झाल्याची पाहणी करायला आले. गोठा देखणा झाला होता. नवे पत्रे, पक्की फरशी, हवेशीर खिडकी. वहिनींनी त्यांना थोरलीचं रेडकू दाखवलं, तेही घरातल्या पंख्याखाली.

"हे काय? अजून घरातच?"

"महिनाभर ओढतोय," नवरा म्हणाला. "तिघींतली एक उठेल तर शपथ."

डॉक्टर अर्ज घेऊन गोठ्याकडे वळले. आत खाट होती, कपाट होतं, भिंतीवर घड्याळ होतं. ते पाऊल टाकणार, तोच सासूबाई म्हणाल्या,

"डॉक्टर, चपला बाहेर काढा हं. आत्ताच फरशी पुसलीय."