चोवीस कोरांच्या स्वारीची हकीकत

ही हकीकत जशी घडली तशीच लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, घालायची गरजच पडली नाही.

अखंडकरारप्राप्त, भिंतरंगविशारद राजश्री मालकसाहेब यांचे डिझाइन ऑफिसात रेघबाई मुख्य डिझायनर होत्या. वाकडी रेघ खपत नसे म्हणून हे नाव. त्यांनी नव्या दवाखान्याच्या इमारतीचे संगणकावर चलचित्र करावयास घेतले. ते दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंस पसंत पडावे आणि काम पदरात पडावे, नाहीतर समोरच्या गल्लीतला गनीम टपलेलाच होता. परंतु चित्र अर्ध्यावर येई, संगणक तापे आणि गारद होई. मग मालकसाहेबांनी खलबत भरविले आणि कुमकेस आपले मेहुणे, संगणकांचे व्यापारी, बोलाविले. घरात शांतता राखणे हाही राज्यकारभारच.

मेहुण्यांनी प्रोसेसर पेश केला. "दाजी, चोवीस कोर! म्हणजे चोवीस डोकी."

"सगळी कामाला लागतात?" रेघबाईंनी विचारले.

"चलचित्राला सगळी. नकाशा काढताना एखादंच. बाकीची बसून."

"म्हणजे आपल्या ऑफिससारखंच," हिशेबनीस म्हणाले. दरबारात कोणी हसले नाही, कारण ओळख पटली होती.

मग थंडाव्याची मसलत पडली. हिशेबनीसांनी अर्ज गुजारिला की साधा पंखा पुरे, त्यांचे घरी एका पंख्याखाली पाच माणसे निजतात आणि एकही बंद पडत नाही. मालकसाहेबांनी नळ्यांतून पाणी फिरणारा कूलर मंजूर केला आणि हुकूम जाहला की त्यास दिवे अवश्य असावेत. निळे की जांभळे, यातच दुपार खर्ची पडली. मग प्रोसेसर चढला आणि कूलर चढला, आणि डॉक्टरीणबाई यावयाच्या त्याच सकाळी संगणक पुन्हा गारद जाहला.

रेघबाई तो चालू करावयास खाली बसल्या, संगणकाचे कपाट उघडले आणि भट्टीसारखी झळ तोंडावर आली. कपाट त्यांचेच. संगणक दिसू नये, वायर दिसू नये, फट तर मुळीच दिसू नये, अशी दारे त्यांनी स्वतः आखली होती आणि त्या दारांचा फोटो मासिकात छापून आला होता. आता दारे राखावीत तर दवाखाना जातो. त्या दाराच्या कडेवरून हात फिरवीत क्षणभर तशाच बसल्या.

"स्क्रूड्रायव्हर द्या."

"अहो बाई, वायरी दिसतील!" मालकसाहेब कळवळले.

"दिसू देत. तुम्ही तिकडे बघू नका."

दारे उतरली आणि चित्र तडीस गेले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहून मान डोलावली, आणि मग भिंतीस टेकलेल्या दारांपाशी थबकल्या.

"काम तुमचंच. पण अशी दारं आमच्या संगणकांना हवीत हं."

मेहुणे कूलरचे भाव सांगू लागले. मालकसाहेबांचा होकार ओठावर आला.

"दारं देते," रेघबाई म्हणाल्या, "संगणक बाहेर ठेवा."

येणेप्रमाणे उष्मा मोडला आणि दवाखाना सर जाहला. फत्तेचे पत्र मालकसाहेबांनी खासा लिहिले. त्यात मेहुण्यांची तारीफ पानभर आहे, आणि रेघबाईंचा उल्लेख 'इतर मंडळी' असा आहे.