जोडीदार मोफत

नवरा-बायकोने विमानाची दोन तिकिटं रोख पैसे मोजून काढावीत, हा शुद्ध अडाणीपणा आहे! हे माझं ठाम मत मी एका रविवारी चहाच्या टेबलावर अशा काही आवाजात मांडलं, की आमचे संपादकही अग्रलेखात एवढे तापत नाहीत.

निमित्त होतं ताईंचं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिकडे दूर, समुद्राकाठच्या शहरात राहतात. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, पण एकमेकींना डोळ्यांनी पाहून चार वर्षं झाली होती. आता ताईंना साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि बायकोचं एकच म्हणणं होतं, "त्या दिवशी मी तिच्यासमोर उभी पाहिजे. आज तिकिटं स्वस्त आहेत. काढून टाका ना!"

"स्वस्त म्हणजे फुकट नव्हे!" असं म्हणत मी विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाची जाहिरात तिच्यापुढे सरकवली. दोघांच्या नावाने कार्ड घ्यायचं, तीन महिन्यांत ठरलेल्या रकमेची खरेदी करायची, की एका तिकिटावर जोडीदार मोफत! वर प्रत्येक खरेदीवर पॉइंट. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वार्षिक फी, पॉइंट, तिकिटाचा दर असं सगळं गणित मांडलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"आणि तेवढी खरेदी झाली नाही तर?"

"बातमीत 'तर' नसतो!"

ती थोडा वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिली. मग कप-बश्या उचलून आत गेली. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

मी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो. संध्याकाळी पानं छपाईला सोडायच्या घाईत बँकेचा फोन आला, तर पहिल्या पानावर काय छापून जाईल याचा नेम नाही. म्हणून फॉर्मवर संपर्कासाठी मी बायकोचा नंबर दिला. याला म्हणतात दूरदृष्टी!

घोडं अडलं ते खरेदीपाशी. घरात माणसं दोन. किती साबण लावणार? मी इतकी धुण्याची पावडर आणली, की कपाटाचं दार उघडलं तरी शिंका यायच्या. तरीही मुदत संपत आली तेव्हा डोंगर बाकीच होता. मग मला युक्ती सुचली. खरेदी लोकांनी करायची, कार्ड मी घासायचं, त्यांनी मला रोख रक्कम द्यायची! घरी मात्र अवाक्षर काढायचं नाही. फुकट तिकीट हातात पडलं की मगच बातमी फोडायची.

शेवटच्या दिवशी मी चक्क रजा काढली. सकाळी आमच्या मुद्रितशोधक काकांची नवी कवळी तयार होती. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी मी कार्ड घेऊन असा उभा राहिलो, जसा काही बोहल्यावर करवला! दुपारी ऑफिसच्या फोटोग्राफरला होणाऱ्या बायकोसाठी ब्रेसलेट घ्यायचं होतं.

"साहेब, हे नाजूक शोभेल की ते?"

"जे महाग ते!"

मग ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्याच्या स्वतःच्या गाडीसाठी टायर. "एकच गेलाय हो," तो कुरकुरला. "चारही बदल! माणसाच्या जिवापुढे टायर काय चीज आहे?" मी गरजलो.

आता उरलं फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं धुलाई यंत्र. ते सोबत आले होते आणि रोख रकमेचं पाकीट त्यांनी आधीच माझ्या हाती दिलं होतं. एवढं एक झालं की गड सर! मी कार्ड पुढे केलं. दुकानदाराच्या यंत्राने एक रडका आवाज काढला.

"नाही म्हणतंय," दुकानदार म्हणाला.

"पुन्हा घासा!"

त्याने कार्ड सदऱ्याला पुसलं, फुंकर मारली. यंत्र पुन्हा रडलं. "साहेब, बँकेनंच बंद केलंय."

मागे रांगेतल्या माना पुढे आल्या. वकिलांनी हळूच माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "संसारात वर-खाली चालायचंच. मी कोणाला सांगणार नाही हो!"

मी चालत घरी पोचेपर्यंत ते कोणाला न सांगितलेलं सगळीकडे पोचलं होतं. वॉचमनने मला बाजूला घेतलं. "साहेब, माझ्या मेव्हण्याच्या कंपनीत रात्रपाळीची जागा आहे. बोलू का?" शेजारच्या निवृत्त बाईंनी दारातच डबा हाती दिला. "दोघांपुरती भाजी आहे. डबा सावकाश द्या." दूधवाल्याने जिन्यातून ओरडून सांगितलं, "बिलाची घाई नाही बरं का!"

दार उघडलं तर बायकोच्या चेहऱ्यावर विजयाचं तेज!

"आधी बसा. घाबरू नका. आपलं कार्ड चोरीला गेलं होतं!"

"काय?"

"पण मी वाचवलं! बँकेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, सकाळपासून कार्डावर कवळी, ब्रेसलेट आणि चार टायर! हे तुमच्या मिस्टरांनीच घेतलं का? मी म्हटलं, अहो, त्यांचे सगळे दात जागेवर आहेत, आमच्याकडे गाडी नाही, आणि ब्रेसलेट? लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हा माणूस सराफाच्या दुकानाची पायरी चढलेला नाही! त्यांची लगेच खात्री पटली. कार्ड बंद!"

बातमीची दुसरीकडून खात्री करून घ्यावी, असं मी नव्या मुलांना रोज बजावतो. बँकेने नेमकं तेच केलं होतं.

मग मला सगळं सांगावंच लागलं. सगळं ऐकून तिने पहिला प्रश्न टाकला.

"फोटोग्राफरची होणारी बायको. नाव काय तिचं?"

"ते... विचारलं नाही."

"हं. आणि नवं कार्ड कधी येणार?"

"आठवड्यानं."

"मुदत?"

"आज संपली."

"मग ताई?"

या एका शब्दापुढे माझी सगळी आकडेमोड आडवी झाली. मी मुकाट्याने विमानाचे दर उघडले. त्या रविवारच्या तिप्पट! "काढतो," मी खाली मान घालून म्हणालो. "दोन्ही. पूर्ण पैसे भरून."

"राहू द्या," असं म्हणून तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. दोन तिकिटं, दोघांची नावं, आणि काढल्याची तारीख तीच, चहाच्या टेबलावरच्या रविवारची.

"तुम्ही गणिताखाली दोन रेघा ओढल्यात ना? तेव्हाच आत जाऊन काढली. माझ्या बँकेच्या साध्या कार्डावर."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात! शिवाय सांगितल्याशिवाय घरात साबण आणत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला?"

ताईंच्या साठीला बायको ताईंसमोर उभी राहिली. दोघी अशा रडल्या, की मलाच भरून आलं. पण त्याआधीचं, विमानातलं सांगायचं राहिलं. जमलेल्या सगळ्या पॉइंटांत मला एक मानेची उशी मिळाली होती. ती अर्थातच बायकोच्या मानेला होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात हवाईसुंदरी हसतमुखाने आमच्या रांगेशी थांबली. "आमच्या कंपनीचं नवं कार्ड आलंय. जोडप्यांसाठी खास..."

"नको," बायको डोळे न उघडता म्हणाली.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. फॉर्मसाठी नुसता हात पुढे केला होता!