प्रयागबाईंचे पाच रुपये

चांदीचे पाच रुपये विकून घरघंटी घ्यायची, एवढंच प्रयागबाईंच्या मनात होतं. रिठदच्या चक्कीपर्यंत दळणाचा डबा न्यायला आता गुडघे नाही म्हणत होते. रुपये हिंगोलीकडच्या माहेरचे, आईनं लग्नात दिलेले. रिसोडला जायचं, लखमीचंद सराफाकडं दाखवायचे, येईल तो भाव घ्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, तिथंच चुकलं.

मारोतराव मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ पाहत. त्यात एकेका नाण्याला लाख लाख मिळत. त्यामुळे आधी नाणं ओळखायचं, मगच विकायचं, असं त्यांनी जाहीर केलं. नाण्यावर मधोमध चारमिनार होता आणि भोवती उर्दू अक्षरं. केनवडच्या बाजारातल्या अत्तरवाल्यानं साल वाचून दिलं, तेराशे तीस. ते हिजरी साल आहे, हे तो सांगेपर्यंत मारोतरावांनी गाडीला किक मारली होती. घरी आले ते नाणं सातशे वर्षांचं करूनच.

"अहो, चारमिनारले चारशे वर्सं झाले, असं हैदराबादले गायडनं सांगतलं होतं ना आपल्याले," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग त्याच्या अगुदर हे चित्र कोनं काढलं?"

"घर बांदाच्या अगुदर नकाशा काढतेतच ना," मारोतराव म्हणाले.

प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला.

एवढं जुनं नाणं बायकोच्या माहेरून आलं, हे मारोतरावांना काही पटण्यासारखं वाटेना. ते जमिनीतूनच निघायला हवं. म्हणून पानठेल्यावर त्यांनी सांगितलं, की वावरात धुऱ्याच्या बांधाजवळ सापडले. संध्याकाळपर्यंत पाचाचे पन्नास झाले, दुसऱ्या दिवशी हंडा झाला, तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांचा धुरा कंबरभर खोदून गेलं. आणि चौथ्या दिवशी तलाठी दारात उभा. संघदीप त्याचं नाव. नवा आणि अतिशय नम्र. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं, पंचनामा होईल, नाणी जमा होतील, असं त्यानं चहा घेत घेत समजावलं.

आता माहेरचे म्हणावं तर गावभर खोटारडे ठरायचं, सापडले म्हणावं तर रुपये जायचे. मारोतराव हळूच बायकोकडं पाहू लागले.

"माह्याकडं कायले पाह्यता? तुमच्या वावरात पिकले ना ते."

पण रुपये तर प्रयागबाईंचेच होते. मग त्यांनीच तलाठ्याला खरं ते सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि धन सापडलं की सगळ्यांना माहेर आठवतं, असं तितक्याच शांतपणे म्हणाला. शेवटी नाणी खरोखर पुरातन आहेत का, हे आधी जाणकाराला विचारायचं ठरलं. तिघं रिसोडला लखमीचंदांच्या दुकानात गेले. प्रयागबाईंनी रुमालाची गाठ सोडली.

लखमीचंदांनी एक रुपया काचेवर वाजवला, मग पाचही भिंगाखाली धरले.

"हे तर हाली आहेत, मारोतराव. पाचही हाली."

"हालीचे?" मारोतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे जुने नाहीतच?"

तलाठ्याला हायसं वाटलं. त्यानं कागदावर 'नाणी हल्लीची, पुरातन नाहीत' असं लिहिलं, मारोतरावांची सही घेतली आणि नमस्कार करून निघाला.

"मायनं फसवलं तुले," असं बायकोला म्हणत मारोतरावही चहाच्या टपरीकडं गेले.

प्रयागबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या माहेरी निजामाच्या रुपयाला हालीच म्हणत. इंग्रजांचा तो कलदार आणि निजामाचा तो हाली, हे त्या आईच्या मांडीवर बसून शिकल्या होत्या. इकडं वऱ्हाडात सगळा कारभार कलदारचा. सासरी तो शब्द कोणी ऐकलाच नव्हता. लखमीचंद गडबडून तलाठ्याला हाक मारायला उठत होते.

"बसा शेटजी," प्रयागबाई म्हणाल्या. "भाव सांगा."

आठ दिवसांत घरघंटी आली. मारोतराव तिच्याभोवती दोनदा फिरले. हल्लीच्या नाण्यांत ही कशी बसली, ते त्यांना उलगडेना.

"त्या सराफानं पैसे कायचे देल्ले तुले?"

"तुमच्याकडं पाह्यलं, अन् दया आली त्याले," प्रयागबाई म्हणाल्या आणि घरघंटीचं बटण दाबलं.