औताडे काका आणि चौथी सीडी

औताडे काकांनी मला पुंडलिकनगरातली वरची खोली भाड्यानं दिली ती माझी रिक्षा ऐकून.

मी दारात उभा होतो, हातात कागदांची पिशवी. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कागदांची फार भीती असते, म्हणून तो सगळेच कागद जवळ ठेवतो. लायसन, बॅज, परमिट, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि कशाला लागेल ते माहीत नसलेला शाळा सोडल्याचासुद्धा. काकांनी पिशवीकडं बघितलंच नाही. म्हणाले, "रिक्षा चालू कर." मी केली. त्यांनी मान तिरकी केली, उजव्या हाताचं एक बोट वर धरलं आणि डोळे मिटले.

"इंजिनाचं टॅपेट वाजायलंय," ते म्हणाले. "पण ऑइल येळेवर बदलतोस. माणूस बरा हाय. कुठला तू?"

गोंदिया जिल्हा, देवरीच्या पुढं, असं मी सांगितलं.

"लई लांब," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवली. त्या दिवसापासून माझं नाव गोंदिया पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त परमिटवर उरलंय. याआधी चार घरांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं, त्यामुळं काकांनी मला चंद्रपूर म्हटलं असतं तरी मी ओ दिली असती.

काका मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकरी घरातले. घरच्या विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा ती शहरात दुरुस्तीला आणली, ती भरताना बघितली, आणि मोटार परत गावाला गेली तरी काका इथंच राहिले. मोटार भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. मोटार खोलायच्या आधी ते नुसती ऐकायचे आणि कुठलं वेटोळं गेलंय ते सांगायचे. आता दुकान बंद झालंय, पण कान चालू आहे. शेजारच्या वहिनींना कंपाउंडच्या भिंतीवरून सांगतात, तुमच्या मिक्सरचा कार्बन संपत आलाय. गल्लीत कुणाकडं कधी चटणी वाटली हे त्यांना बसल्याजागी कळतं, म्हणून बायका जरा जपूनच असतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचं बोट वर झालं. अक्षता मुठीत तशाच धरून ते मांडवामागं गेले, जनरेटर ऐकला, परत आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, हार घालेपर्यंत टिकंल, जेवणाचं सांगता येत नाय. पहिल्या पंगतीला भात वाढताना अंधार झाला. जनरेटरवाल्यानं काकांवरच संशय घेतला.

अशा माणसाला भजन आवडावं, लावणी आवडावी. काकांना आवडतं ते विजेवरचं जाझ. अजिंठ्याला जाणारे पाहुणे उतरतात तसल्या एका हॉटेलातून कधीतरी त्यांच्याकडं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता, वाजवून बघायला सोबत एक कॅसेट. अ‍ॅम्प्लिफायर गेला, कॅसेट राहिली. त्यात शब्द नाहीत. ट्रम्पेट, गिटार, पियानो, ढोल, आणि सगळ्यांना वीज जोडलेली. काका त्याला 'करंटवालं' म्हणतात.

त्याच दुकानात छावणी भागातले मुनीरचाचा आले. वरातीच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे, बँडच्या गाडीवरचा भोंगा घरघर करत होता म्हणून घेऊन आले होते. कॅसेट चालू होती. चाचा तारेच्या पोत्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. ही गोष्ट दोघंही सांगतात आणि चाचांचं वाक्य दोघांच्याही तोंडी एकच असतं: "मैं इत्ते साल फुंक्या, पन किसीने बोल्या नै के बाजे कू करंट बी लगा सकते."

तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, चाचा काकांकडं येतात. आधी सायकलवर यायचे, मग सिटी बसनं, आणि मी आल्यापासून माझ्या रिक्षात. मी आणतो, मी सोडतो, मधल्या वेळात तिथंच बसतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकांनी विचारलं, कसं वाटलं. मी खरं ते बोललो, की रेल्वे टेसनावर गाडी लागल्यावर आम्ही रिक्षावाले जसे सुटतो तसं वाटलं. बोलल्यावर भीती वाटली, खोली जाते की काय. काका उलट खूश झाले. "बरोबर," म्हणाले. "पण कुणी कुणाला घासत नाय, ते बघ."

काकू वारून बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, फोन करतो, बाबा हेडफोन लावून ऐका म्हणतो. काका त्याला एकच उत्तर देतात: "ऐकायला दोन माणसं लागतात." मी तिसरा असलो तरी त्या हिशेबात नव्हतो, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. मला फक्त बसायला मिळत होतं. गावी सात महिन्यांत एकदा जाणाऱ्या माणसाला शुक्रवारी कुठंतरी बसायला मिळणं लई मोठी गोष्ट असते.

गेल्या पावसाळ्यात चाचांनी यायचं कमी केलं. कधी गुडघा, कधी नातवाची शाळा, कधी घरी पाहुणे. मी छावणीत जाऊन हॉर्न वाजवायचो, कुणी बाहेर यायचं नाही, मग आत जाऊन उभा राहायचो तेव्हा चाचा दचकून बघायचे आणि म्हणायचे, आज नक्को मियाँ. मी रिकामी रिक्षा घेऊन परत यायचो. काका फाटकात उभे असायचे. रिकामी रिक्षा त्यांना वळणावरच ऐकू येत असणार, तरी उभे असायचे.

"त्याचं मन उडालं," एकदा म्हणाले. "आपल्याकडं नवं काय हाय म्हणा. त्याच त्या सीड्या."

तेव्हा त्यांनी एक डबा मागवला. परदेशात असलेल्या भाच्यानं आणून दिला. विटेएवढा लाल पुठ्ठ्याचा डबा, आत आठ सीड्या आणि एक जाड पुस्तक. एकाच कंपूनं अमेरिकेतल्या एकाच हॉलात चार दिवस वाजवलेलं, लोकांसमोर, जसंच्या तसं. काकांनी पुस्तकाच्या पानांवर माझा मोबाइल धरून ते मराठीत करून घेतलं. मोबाइलनं ट्रम्पेटला तुतारी आणि ढोलवाल्याला ढोलकर आडनाव दिलं, पण मतलब कळला. मग मला चाचांकडं पाठवलं, आणि सोबत निरोप दिला: आठ सीड्या, एका शुक्रवारी एकच, मधली एक चुकली तर पुढची लावणार नाही.

चाचा आले. डबा हातात घेतला, पुस्तकातले फोटो बघितले, ट्रम्पेटवाल्याच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "ये आदमी थका हुवा है, पन झुक्या नै." काकांचा चेहरा दिवाळीसारखा झाला. तीन शुक्रवार सुरळीत गेले. दोघं भांडायचे, की पहिल्या दिवशीचा ढोल बरा का दुसऱ्या दिवशीचा, गिटारवाला रागावून वाजवतोय का भुकेला. चाचांचं मत ठाम असायचं. आता आठवतं की ते मत नेहमी काकांचं मत सांगून झाल्यावर यायचं.

चौथ्या सीडीला काकांचं बोट वर गेलं.

"मुनीर, ऐक. मागं घूं हाय. पन्नासचा."

इथं थोडं सांगावं लागतं. आपल्या विजेचे सेकंदाला पन्नास हेलकावे असतात, अमेरिकेच्या विजेचे साठ. अ‍ॅम्प्लिफायर कुठलाही असो, त्यात त्या विजेची बारीक घरघर राहते, आणि काकांचा कान पन्नास आणि साठ वेगळे ओळखतो. म्हणजे चौथी सीडी अमेरिकेतली नव्हतीच. कुठल्यातरी पन्नासवाल्या देशातलं वाजवणं कंपनीनं मधे घुसडलं होतं. पुस्तक खोटं होतं.

चाचांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. "पचास," म्हणाले. "सौ टका पचास."

मग पाचवी सीडी लागलीच नाही. प्रत्येक शुक्रवारी चौथीच. चाचांनी पुरावा जोडला, की तुतारीवाल्याचा दम बघ, थंड मुल्कातला दम आहे. काकांनी टाळ्यांवरून ठरवलं की लोक जर्मन असावेत. या असल्या वाजवण्याच्या शौकिनांचा मोबाइलवर एक जगभरचा गट आहे, भाच्यानं काकांना त्यात घातलं होतं. काकांनी मराठीत बोलून, मोबाइलकडून इंग्रजी करून, तिथं जाहीर केलं. दोन दिवस तिथं गोंधळ. कुणी तरी म्हणालं की आमच्या सीडीत घरघर नाही. कुणी तरी फार अदबीनं लिहिलं की साहेब, तुमच्या घरचं अर्थिंग एकदा तपासा.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. "माझं अर्थिंग तपासा म्हनतो! मला!" एवढंच मला दिवसभर ऐकायला मिळालं. मग म्हणाले, "येत्या शुक्रवारी मुनीरला आण. परत ऐकू, आणि दोघांच्या नावानं उत्तर देऊ."

तो शुक्रवार थंडीचा होता, पंखा बंद. चाचा दिवाणावर खिडकीकडं तोंड करून, डोळे मिटून बसले. काका खुर्चीत, मी दाराजवळ. चौथी सीडी चालू झाली. चाचांची तीन बोटं मांडीवर ट्रम्पेटची बटणं दाबत होती, दरवेळी दाबतात तशी.

चार वाजून गेले असतील, आणि लाइट गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडं जाते कधी कधी. इन्व्हर्टर काकांनी घेतलेला नाही, त्याचा आवाज त्यांना सहन होत नाही. वाजवणं मधेच तुटलं. खोलीत इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू आला.

चाचांची बोटं चालूच होती.

मान डोलत होती, बोटं पडत होती, चेहऱ्यावर ते नेहमीचं समाधान. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकांचा हात माझ्या मनगटावर पडला. घट्ट. ते चाचांकडं बघत होते. मग उठले, अजिबात आवाज न करता, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढं जाऊन उभे राहिले. त्याचा लाल दिवा विझला होता, तो चाचांना दिसू नये असा त्यांनी पाठीमागं घातला.

थोड्या वेळानं चाचांनी डोळे उघडले. "सुन्या, औताडे? वोइच. पचास."

"व्हय मुनीर," काका म्हणाले. "पन्नासच."

मी जमिनीकडं बघत बसलो. मला भीती होती की माझ्याकडं बघून चाचांना कळेल. चेहरा लपवणं मला कधी जमलेलं नाही.

लाइट आली. सीडीचं यंत्र आपोआप सुरू होत नाही, ते गप्पच राहिलं. अ‍ॅम्प्लिफायर मात्र लागला, आणि त्या शांत खोलीत, कुठलीच सीडी वाजत नसताना, पन्नासची घरघर सुरू झाली. ती मलासुद्धा ऐकू आली. तिसऱ्या सीडीनंतर, दिवाळीच्या साफसफाईत, अ‍ॅम्प्लिफायरचा टेबल मीच सरकवला होता. मागं अर्थिंगची तार निघून लोंबत होती, आता ती मला दाराजवळून दिसत होती. जर्मनी वगैरे काही नव्हतं. घरघर पुंडलिकनगरची होती.

काकांनी एकदा त्या तारेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग वाकून सीडी परत चालू केली आणि जागेवर जाऊन बसले.

चाचांना छावणीत सोडून आलो तर काका फाटकात होते. मी आधी माफी मागितली, टेबल मी सरकवला म्हणून. मग म्हटलं, तार आत्ता जोडतो, आणि गटावर तुमच्या वतीनं लिहितो की चूक घरातली होती.

"तार दोन मिनिटांचं काम हाय," काका म्हणाले. "राहू दे तशीच."

"पण काका, लोक हसायलेत तिकडं."

"हसू दे. मी चूक म्हनलं की मुनीर खोटा पडतो. त्यानं सौ टका म्हनलंय." त्यांनी फाटकाची कडी लावली. "गोंदिया, तो मन उडालं म्हनून येत नव्हता असं नाय. त्याला वाटलं, त्याचा कान गेलाय ते आपल्याला कळंल."

गटावर काका आजही चौथी सीडी जर्मनीची म्हणणारे भारतातले म्हातारे गृहस्थ आहेत. कुणी नवीन माणूस आला की जुने लोक त्याला ती गंमत सांगतात. काका मला ती वाचून दाखवायला लावतात आणि एवढंच म्हणतात, "पुढं वाच."

पुढच्या शुक्रवारी पाचवी सीडी लागली. काकांनी आपली खुर्ची उचलून चाचांच्या समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वाजत असताना कुणी बोललं तर काका उठून बंद करतात, हा त्या घराचा कायदा आहे, माझ्या बायकोच्या फोनपायी मी एकदा बाहेर बसलेलो आहे. त्या दिवशी काका स्वतःच बोलायला लागले.

"हे गोंदिया इतकी वर्षं बसतंय, पण त्याला काय कळत नाय," ते चाचांना म्हणाले. "त्याला जरा समजावून सांगतो. तुला त्रास नाय ना?"

चाचा म्हणाले, "बोल ना. बिचारा सीखेगा."

"हां. तर ऐक गोंदिया. आता नुसता ढोल हाय. हळू. गिटार थांबलंय, वाट बघायलंय." मोठ्यानं, एकेक शब्द सोडवून, हातानं ताल देत काका मला सांगत होते आणि त्यांचं तोंड सगळा वेळ चाचांकडं होतं. चाचांनी डोळे मिटले नव्हते. काकांच्या ओठांकडं बघत होते.

"आता," काका म्हणाले, "ट्रम्पेट येतंय."

चाचांची बोटं मांडीवर पडली, बरोबर जागेवर.

"कळलं का, गोंदिया?"

मी म्हटलं, कळलं काका.