जुना पियानो फुकट कोण नेईल?

त्या उन्हाळ्यात रेइनो साल्मेलाचा धंद्याचा फोन एकदाच धड वाजला, आणि तोही चुकून. पलीकडच्या माणसाला पिझ्झा हवा होता. रेइनोने त्याला आधी कोणता पिझ्झा आवडतो ते विचारलं, मग घरी किती माणसं आहेत, मग मुलं काही वाद्य-बिद्य शिकतात का. शेवटी तो माणूस म्हणाला, "काका, तुमच्याशी बोलून बरं वाटलं, पण मला भूक लागलीय हो," आणि त्याने फोन ठेवला. रेइनो पुढे दोन दिवस त्या संभाषणावर खूश होता.

कॅनडातल्या थंडर बे गावात चाळीस वर्षं पियानोंचे सूर लावणारा, फिनलंडकडच्या वंशाचा माणूस तो. फोन घ्यायचं काम त्याच्या बायकोचं, आयलीचं. गिऱ्हाइकाचं नाव, कुत्रा चावतो की नाही, कॉफी मिळते की नाही, सगळं तिच्या डोक्यात. वाजवायचीही तीच. रेइनोला सूर लावता यायचे, गाणं वाजवता येत नसे. घरच्या पियानोचं काम झालं की तो बाजूला व्हायचा, ती बसायची आणि तो ऐकायचा. आयलीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याबरोबर धंदाही गेला, असा गावात बऱ्याच जणांचा समज झाला, आणि रेइनोने तो खोडून काढण्यासारखं काही केलं नाही.

त्याची मुलगी कीर्स्ती दूर पश्चिमेकडे कॅल्गरीला असायची. तिने फोनवर निर्वाणीचं सांगून टाकलं. "बाबा, ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येतेय. तोवर धंद्याचा फोन वाजायला लागला तर ठीक. नाहीतर घर विकायचं आणि तू इकडे यायचं. तळघरात तुझी खोली करतेय मी."

"तळघरात बसून मी काय करू?"

"तिथे करतोस तेच. काही नाही."

हे रेइनोला लागलं, कारण ते खरं होतं. पण हे घर त्याने आयलीबरोबर बांधलं होतं, मागची सॉना, म्हणजे वाफ घेत बसायची खोली, स्वतःच्या हाताने लाकूड तासून उभी केली होती. ते सोडून मुलीच्या तळघरात पाहुण्यासारखं राहायला तो तयार नव्हता. म्हणून मग तो गावच्या लायब्ररीत गेला. तिथे दर मंगळवारी इव्हेट बूशार नावाची बाई छोट्या धंदेवाल्यांना वेबसाइट सर्च इंजिनात वर कशी आणायची ते शिकवायची.

इव्हेटने त्याची वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर त्याने तारांच्या ताणावर मोठा मजकूर लिहिला होता.

"अहो रेइनो, हे वाचून मला माझा दाताचा डॉक्टर आठवला."

"पण हेच तर माझं काम आहे."

"असेल. पण तुम्ही काय विकता ते लोक शोधत नाहीत. त्यांचं काय दुखतंय ते शोधतात. बघू या, पियानोवाल्यांचं काय दुखतंय."

गावातले किती लोक काय काय शोधतात, ते तिने पडद्यावर रेघांनी दाखवलं. 'पियानोचे सूर लावून मिळतील' यापुढची रेघ इतकी आखूड होती, की रेइनोला चष्मा पुसावा लागला. त्याखालची मात्र पडद्याच्या पार टोकाला पोचली होती. लोक विचारत होते, 'जुना पियानो फुकट कोण नेईल?'

"फुकट?" रेइनोला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"फुकट. न्या म्हणजे झालं. तर यावरच लेख लिहा. शीर्षक म्हणजे त्यांचाच प्रश्न, जसाच्या तसा. खाली समजावून सांगा, की बाबांनो, टाकू नका, सूर लावून घ्या. आणि अधूनमधून गावाचं नाव, तुमचं नाव, पत्ता येऊ द्या. मीठ घालतो तेवढंच हं."

रेइनोने लोणच्यात घालतात तेवढं मीठ घातलं. लेख मात्र मनापासून लिहिला. पियानो म्हणजे घरातलं माणूस, म्हातारं झालं म्हणून कुणी माणूस रस्त्यावर ठेवत नाही, असं लिहिताना त्याला स्वतःलाच भरून आलं. शीर्षकाखालची पहिली ओळ अशी होती: 'रेइनो साल्मेला, थंडर बे, यांना हा प्रश्न कुणी विचारला की त्यांच्या काळजात चर्र होतं.'

सर्च इंजिनाला काळीज नसतं. त्याला प्रश्न सापडला, प्रश्नाखाली एक नाव सापडलं, आणि तेवढ्यावर त्याने कामाचा निकाल लावला. आता कुणीही तो प्रश्न विचारला, की सगळ्यांत वर, चौकटीत, ठळक अक्षरांत उत्तर यायचं: रेइनो साल्मेला, थंडर बे. खाली फोन आणि पत्ता. पुढचा लेख वाचायची गरज कुणालाच उरली नाही.

पहिला फोन बर्निस कोवाल्चुक नावाच्या बाईंचा आला.

"जुना पियानो नेणारे आपणच ना?"

नाही म्हणायला रेइनोने तोंड उघडलं होतं. पण पलीकडे जिवंत माणसाचा आवाज होता, आणि त्या आवाजाला पिझ्झा नको होता. त्याच्या तोंडून निघालं, "कोण वाजवायचं?"

"माझी बहीण. ती मागच्या हिवाळ्यात गेली हो. आम्ही दोघीच राहायचो." आणि कोवाल्चुकबाईंनी बहिणीची सगळी कथा सांगितली. ती चर्चमध्ये कशी वाजवायची, नाताळात चुकायची कशी, चुकल्यावर पाद्र्याकडे रागाने कशी बघायची. रेइनो हसला, हुंकार देत राहिला. एवढं ऐकून घेतल्यावर पियानो नेत नाही असं सांगायला तोंड कुठलं?

"बरं," तो म्हणाला, "आणा."

भाच्यांच्या मदतीने बाईंनी पियानो आणला, निघताना झाकणावर हात फिरवला आणि रेइनोला भोपळ्याचा केक दिला. आयली गेल्यानंतर त्या घरात आलेला तो पहिला केक.

मग फोन थांबेचना. रेइनो प्रत्येकाला तेच विचारायचा, "कोण वाजवायचं?" आणि प्रत्येकाकडे सांगायला कुणीतरी असायचंच. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाचा परगावी गेलेला मुलगा. सगळं ऐकून झालं की रेइनो म्हणायचा, "बरं, आणा." गॅरेज भरलं. गाडी रस्त्यावर आली. मग बाहेरची खोली भरली, मग जिन्याखालची जागा, आणि स्वयंपाकघरात जायला खेकड्यासारखं आडवं चालावं लागू लागलं. शेवटी एक मोठा काळा पियानो सॉनात गेला, म्हणजे शनिवारची सॉना बंद झाली. फिन माणसाने शनिवारची सॉना सोडणं म्हणजे काय, ते फिन माणसालाच विचारा. आयली असती तर तिने पियानोसकट नवऱ्यालाही बाहेर काढलं असतं.

सूर लावायचं काम मात्र एकही आलं नाही. लोक पियानो ठेवून गाडीत बसून निघून गेले, की घर पुन्हा गप्प व्हायचं, उलट पूर्वीपेक्षा जास्त. रेइनो मग एकेका पियानोचे सूर लावत बसायचा. सूर लागले की सवयीने बाजूला व्हायचा. बसायला कुणीच यायचं नाही, आणि तो झाकण लावून टाकायचा.

एका मंगळवारी तो लायब्ररीत आला नाही, म्हणून इव्हेट गावात प्रसिद्ध असलेल्या, गुलाबी साखरेच्या 'पर्शियन' बन्सचा डबा घेऊन त्याच्या घरी आली. दार अर्धंच उघडत होतं. पोट आत ओढून ती शिरली आणि तिने डोक्याला हात लावला.

"अरे देवा! तो लेख आधी काढून टाका!"

"काढला तर फोन बंद होईल."

"मग होऊ दे की!"

"तुम्हाला घरी फोन येतात, इव्हेट," रेइनो म्हणाला. "म्हणून तुम्ही असं म्हणू शकता."

इव्हेटने डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, "बरं, निदान नेत नाही म्हणून तरी लिहा." बनचा डबा ठेवायला जागा शोधताना तिला खिडकीजवळ भिंतीलगत चांगला ऐसपैस मोकळा कोपरा दिसला. "आणि हे काय? इथे एक सहज मावला असता. सॉनात कशाला कोंबलात?"

"तिथे वारा लागतो."

खिडकी हिवाळ्यासाठी प्लास्टिक लावून कडेकोट बंद केलेली होती. इव्हेटने खिडकीकडे पाहिलं, रेइनोकडे पाहिलं आणि डबा स्टुलावर ठेवला.

रेइनोने दुसऱ्या दिवशी लेखात इमानदारीने भर घातली. 'थंडर बे इथले रेइनो साल्मेला जुना पियानो फुकट नेत नाहीत. जुना पियानो फुकट कोण नेईल, हे रेइनो साल्मेला यांना ठाऊक नाही.' सर्च इंजिनाने 'नाही'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुना आला, पियानो आला, फुकट आला, साल्मेला तर पुन्हा पुन्हा आला, शिवाय मजकूर ताजा! रेइनोचं आसन आणखी पक्कं झालं. आता ड्रायडनहून फोन यायला लागले, मग केनोराहून, मग विनिपेगहून. त्याची कीर्ती महामार्ग धरून पश्चिमेला निघाली. रिजायनाच्या एका गृहस्थांनी तर ट्रेलर जोडून झाल्यावरच फोन केला.

कीर्स्तीला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन वाजतोय का, असं तिने विचारलं की रेइनो म्हणायचा, "दम खायला फुरसत नाही." आणि ते खरंच होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाबा, तुझी खोली करतेय ना, तर तळघरातलं एक सामान हलवायला हवं होतं. आमच्या दोघांच्याने हलेना. म्हणून मी सर्च इंजिनात विचारलं."

"काय विचारलंस?"



"जुना पियानो फुकट कोण नेईल."

रेइनो मटकन स्टुलावर बसला. स्टुलांना आता घरात तोटा नव्हता.

"मग?"

"मग तुझं नाव आलं. सगळ्यांत वर. ठळक अक्षरात." कीर्स्ती भराभर सांगू लागली. "बाबा, माझ्या पोरीने दोनच महिने शिकवणी लावली रे. मग त्यावर कपडे वाळत पडायला लागले. तुझ्याकडून नेताना पोर वाजवेल म्हणून मी तुला केवढं सांगितलं होतं, आणि आता तुला खोली द्यायला तोच काढायला निघाले. तुला न सांगता. तू रागाव मला."

रेइनोला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. आयली गेल्यावर तो पियानो त्यानेच दिला होता, कारण त्याचं बंद झाकण बघवत नव्हतं, आणि दिल्यापासून खिडकीजवळची ती रिकामी भिंतही बघवत नव्हती. हे तो मुलीला कधी बोलला नव्हता. आताही बोलला नाही. गेले कित्येक दिवस तो जे सगळ्यांना विचारत होता, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"कोण वाजवायचं?"

"बाबा!" कीर्स्ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. "आई. आई वाजवायची."

मग ती बोलत सुटली. आई वॉल्ट्झची एकच धून कशी सारखी वाजवायची, डाव्या हाताची करंगळी कशी उडायची, कीर्स्ती आधी झोपेचं सोंग घेऊन मग गुपचूप जिन्यात येऊन कशी ऐकायची. यातलं काही रेइनोला ठाऊक होतं, काही नव्हतं. तो हुंकार देत राहिला. दोन वर्षांत बापलेक आयलीबद्दल एवढं कधी बोलले नव्हते.

"बरं," शेवटी तो म्हणाला, "घेऊन ये."

"आणि घर विकायचं? मी दलालाला बोलावलंय रे."

"येऊ दे की. आत शिरून दाखव म्हणावं."

"म्हणजे?"

"आलीस की कळेल. येताना पोट आत ओढून ये."

कीर्स्तीने नाक पुसल्याचा आवाज आला. "पण बाबा, ठेवायला जागा आहे का तुझ्याकडे?"

रेइनोने गॅरेजच्या दाराकडे पाहिलं, मग जिन्याखाली, मग सॉनाकडे आणि शेवटी खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे.

"आहे," तो म्हणाला. "तेवढी एकच आहे."