आप्पा सोहोनी मुंबईत उतरतात कुठे?

मंडणगडापासून राजापुरापर्यंत आपल्यासारखा डिटेक्टिव्ह नाही, असं राजाभाऊ मुळ्ये स्वतःच सांगत. दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्यात त्यांनी कधी वेळ घालवला नाही. पोटापाण्यासाठी ते रत्नागिरीच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. महिपत त्याच शाळेत शिपाई, आणि शाळा सुटल्यावर राजाभाऊंचा मदतनीस. ही दुसरी नोकरी त्याने मागितलेली नव्हती. शेवटची घंटा देऊन तो वळला, की राजाभाऊ छत्री घेऊन फाटकात उभे असत.

राजाभाऊंची कीर्ती मुख्यतः आरे-वारेच्या चपलेवर उभी होती. तिथल्या किनाऱ्यावर वाळूत एकच चप्पल दिसताच त्यांनी खून जाहीर केला, पाऊलखुणांवरून खुनी लंगडा असल्याचं ठरवलं आणि संध्याकाळी लंगडत आलेल्या माणसाला धरलं. तो चपलेचा मालक निघाला, दुसरी पायात घालून हरवलेली शोधत आलेला.

आपल्याकडे क्रिकेटचा पहिला वर्ल्ड कप आला त्या वर्षी महिपतच्या आईचे, तुळसाचे, डोळे फार अधू झाले. मोतीबिंदू अवघड होता. इथल्या डॉक्टरांनी मुंबईचं हॉस्पिटल सांगितलं. तिथली तारीखही मिळाली. ऑपरेशननंतर आठवडाभर जवळपास राहायचं होतं, आणि घोडं तिथेच अडलं. पहिल्या तपासणीला दोघं स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये उतरली होती. रात्रभर ढेकूण चावले, सकाळी जिन्यात एक दारुडा आडवा.

"आंधळी ऱ्हाईन," तुळसाने सांगून टाकलं, "पन त्या लॉजात नाय जायची."

भाचा दादूची लालबागला खोली होती, पण तिथे माणसं पाळीपाळीने झोपत. बऱ्या हॉटेलांचे भाव ऐकून महिपतच्याच डोळ्यांपुढे मोतीबिंदू आला. नाइलाजाने त्याने राजाभाऊंना सांगितलं.

"स्वच्छ, स्वस्त आणि भर वस्तीत!" राजाभाऊंनी डोळे मिटले. "अशी जागा एकाच माणसाला ठाऊक आहे. आप्पा सोहोनी."

आप्पा आंब्याचे बागायतदार. भावाशी एका फणसावरून हायकोर्टात वाद चालला होता, म्हणून दर महिन्याला मुंबई.

"माणूस मुंबईहून परत येतो आणि शर्टाला इस्त्री!" राजाभाऊ म्हणाले. "अंगावर एक चावा नाही. आणि आप्पा पैसा सोडणाऱ्यातला नव्हे. मग उतरतो कुठे?"

"विचारू का त्यांना?"

राजाभाऊंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "विचारायचं? मग त्याला तपास कोण म्हणेल?"

पहिला निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी लागला. आप्पांचं मुंबईत दुसरं बिऱ्हाड आहे; इस्त्री तिची. महिपतला ते पटेना. घरच्या बायकोला भिऊन आप्पा विडीसुद्धा गोठ्यामागे जाऊन ओढत. असा माणूस हौसेने दुसरी कशाला करील?

मग राजाभाऊंना कळलं, की जाताना आप्पांच्या हातात एक पत्र्याचा डबा असतो आणि येताना नसतो. "लाच! कुणा आमदाराला फणसपोळी चारून त्याच्या खोलीत राहतात." तासाभराने फणसपोळीची सोन्याची बिस्किटं झाली आणि आप्पा स्मगलर. खात्री करायला आप्पांच्या पडवीत महिपतला पाठवलं गेलं. त्याने झाकण उचकटलं, आणि आतलं कोकमाचं आगळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. तो सदरा तिसऱ्या धुण्यालाही गुलाबीच राहिला.

"आगळाच्या तळाशी सोनं असणार," राजाभाऊ म्हणाले.

ऑपरेशन परवावर आलं होतं आणि आईने गावी जायला वळकटी बांधली होती.

तिला गाडीत बसवायला तो सकाळी एसटी स्टँडवर आला, तर समोर हमालाच्या वेशात राजाभाऊ. डोक्याला लाल फडकं, डोळ्यांवर मात्र नेहमीचा सोनेरी चष्मा. आप्पा आज मुंबईला निघणार होते. तिकीट काढताना तोंडातून पत्ता निसटेल, असा राजाभाऊंचा हिशेब. पण एका बाईंनी हाक मारली, "ए हमाल, ही ट्रंक चढव रे!" वेश राखायचा म्हणून ते ट्रंक घेऊन मुंबईच्या गाडीच्या टपावर चढले. खालून लोक सामान देतच राहिले.

तुळसा बाकावर बसली होती. शेजारी येऊन बसलेला टोपीवाला तिला धूसर दिसला. कंडक्टर असेल असं धरून ती त्याच्यावर घसरली.

"मानसं भरून मुंबैला न्हेता, पन तितं ऱ्हायाला बरीशी जागा कदी कुनाला सांगता का? का निस्ती तिकटंच फाडता?"

"सांगतो की," तो माणूस म्हणाला. ते आप्पा होते. "ठाकूरद्वारला दातेबाईंच्या दोन खोल्या आहेत. धुतलेली चादर, दोन वेळचं जेवण. मासे मिळायचे नाहीत. माझं नाव सांगा."

महिपत धावत आला. "आप्पा, हे आजवर कुणालाच कसं सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," आप्पा म्हणाले. "आणि आमच्या वकिलाची ताकीद आहे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी सगळीकडेच पाळतो. चूक नको व्हायला."

"ठाकूरद्वारहून डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल लांब हाय?" तुळसाने विचारलं.

"चालत जाल, बाय."

तुळसा वळकटी उचलून उभी राहिली. "चल रे महिपत. गाव काय पळून जात नाय."

दोघं आप्पांच्या मागोमाग मुंबईच्या गाडीत चढली आणि कंडक्टरने घंटी मारली. तेवढ्यात टपावरून आवाज आला, "महिपत, आप्पाला सोडू नकोस! डब्यात सोनं आहे!" ड्रायव्हरला हातखंब्यापर्यंत काही ऐकू आलं नाही. तिथून राजाभाऊ चिऱ्याचे दगड नेणाऱ्या ट्रकमधून परतले.

दातेबाईंच्या खोलीत चादर खरोखरच पांढरी होती. आप्पांनी आगळ त्यांच्या हाती दिलं, तेव्हा जेवणात रोज सोलकढी कुठून येते तेही महिपतला कळलं. ऑपरेशन नीट झालं. मासे नाहीत म्हणून तुळसा रोज कुरकुरली आणि रोज दोनदा भात मागून जेवली.

परत आल्यावर राजाभाऊ तिला बघायला आले. खास या भेटीसाठी त्यांनी काळा कोट घातला होता.

"तुळसाबाई, शेवटी आपण प्रकरण सोडवलं," ते म्हणाले. "आता दिसतं ना स्पष्ट?"

तुळसाने नवा चष्मा चढवला आणि त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. राजाभाऊ ताठ झाले.

"महिपत," ती समाधानाने म्हणाली, "धड दिसत नव्हतं तोवर मी उगीच भ्यायची रे ह्यांना. हे तर अगदी साधं मानूस हाय."

राजाभाऊंचा चेहरा असा पडला, की महिपतने न विचारता त्यांच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.