मैत्रीचं नॅनो

लेक मैत्रीनं हैदराबादेहून आणलेल्या पांढुरक्या कॅनबद्दल देवाजी गुरुजींचं सकाळपासून अर्ध्या बेला गावाला सांगून झालं होतं. आत काहीतरी 'नॅनो' आहे, यापलीकडं त्यांना धड सांगता येत नव्हतं, पण लेकीनं स्वतः बनवलंय हे ते छाती फुगवून सांगत. बोअर मारताना पाण्यात हे मिसळलं की काळ्या दगडातही खोदायची बिट कमी झिजते, असं तिचं संशोधन. बोअरगाडीवाला करण आज एकदाच वापरून पाहायला राजी झाला होता. गाडीला काही झालं, तर तो मैत्रीला पुन्हा जवळ उभं करणार नव्हता.

तेवढ्यात शेजारचे सुधाकरराव आले. "गुरुजी, नॅनो आलं म्हन्ते तुमच्याकडं?"

"आलं ना! मैत्रीनं सोता बनवलं!"

"मंग द्या थोडं. कपाशीवर माराचं हाये."

सुधाकररावांच्या लेखी नॅनो म्हणजे एकच, बाटलीतला युरिया. आणि लेकीनं बनवलेलं कपाशीला मानवणार नाही, हे गुरुजींच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं. त्यांनी अर्धा कॅन ओतून दिला.

थोड्या वेळानं सुधाकरराव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन परत आले, ते तणतणतच. "हे काय देल्लं गुरुजी? पंपात खरवस झाला न!"

मैत्री घरातून धावत आली. "बाबा! माहं औषध कपाशीले देल्लं?"

गुरुजींचा चेहरा पार उतरला. पण मैत्रीनं पंपात बोट घातलं आणि ती दचकली. "काका, पानी कोन्तं घेतलं?"

"हिरीचंच, खारं. बोअरगाडीची टाकी भरली, तेच."

मैत्री गाडीकडं पळाली. "करणभाऊ, टाकी खाली करा! गोडं पानी आना!"

"काऊन वं?" गुरुजी धापा टाकत पोचले.

"बाबा, यातले बारीक कण एकमेकाले ढकलते, म्हनून हे पातळ राह्यते. खाऱ्या पान्यात ते ढकलनं मोडते. मंग त्यायची ओढ जिंकते, अन् सारे चिकटून बसते. पंपाचं झालं, तेच गाडीचं झालं असतं!"

उरलेला अर्धा कॅन गोड्या पाण्यात मिसळला. बोअर झाला, बिट वर आली. करणनं तिच्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. "घासलीच नाई जनू! कोनाचं हो हे औषध?"

गुरुजींनी जन्मात पहिल्यांदाच तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

बोलले ते सुधाकरराव, तुंबलेला पंप पाठीवर सावरत. "कोनाचं म्हंजे? आमच्या मैत्रीचं! पह्यले मायाच पंपात तपासलं!"